मुलांच्या हाती पट द्यावा काय?

शास्त्राने द्यूत निषिद्ध मानले आहे, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे बुवांनी सोयीचे तेवढे घेतले आणि अडचणीचे झाकून ठेवले, असे कोणास म्हणावयास नको. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात राजाने आपल्या राज्यातून द्यूत आणि समाह्वय या दोहोंचे उच्चाटन करावे असे सांगितले आहे. निर्जीव वस्तूंनी, म्हणजे फाशांनी नि कवड्यांनी खेळतात ते द्यूत. आणि कोंबडे, एडके अशा जिवंत प्राण्यांस झुंजवून खेळतात तो समाह्वय. इतके सांगून मनु थांबत नाही. शहाण्याने करमणुकीखातरसुद्धा द्यूताच्या वाटेस जाऊ नये, असे तो बजावतो. त्याहून कितीतरी जुन्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक जुगारी स्वतःच आपले गाऱ्हाणे सांगत बसला आहे. बेहड्याच्या फळांचे ते फासे. त्यांनी त्याची बायको दुरावली, सासू तोंड पाहीना, उसने कोणी देईना. शेवटी त्याला उपदेश होतो तो हाच की, बाबा रे, फासे टाकून दे आणि शेत नांगर.

असे असता शाळेतील मुलांस पट, फासे, कवड्या यांचे खेळ शिकवावेत, आणि तेही केवळ आपल्याकडचे नव्हेत तर आफ्रिकेतले, जपानातले, नेपाळातले, हे कितपत योग्य? प्रश्न आमच्या मनाने काढलेला नाही. गेल्या माघात मराठवाड्यातील एका गावी सप्ताहाचे कीर्तन आटोपून आम्ही बसलो होतो. सत्तरी ओलांडलेले एक माळकरी पुढे आले, पाया पडले, आम्हीही त्यांच्या पडलो, आणि ते म्हणाले, "महाराज, आमच्या शाळेत पोरांना फासे टाकायला शिकवत्यात. गुरुजीच शिकवत्यात. आता बोलायचं कुणाला?" त्यांच्या बोलण्यात नुसता सोवळेपणा नव्हता. त्यांच्या धाकट्याने मोबाइलवर पैसे लावून रमी खेळता खेळता बैलजोडीची किंमत घालविली होती, आणि घरात ते कळले तेव्हा गोठा रिकामा होऊन चार महिने लोटले होते. ज्याचे अंग पोळले आहे त्याने चुलीतल्या विस्तवालाही भ्यावे, यात हसण्यासारखे काही नाही. म्हणून त्या बाबांचा पूर्वपक्ष आम्ही पुरता उभा करूनच पुढे जातो.

प्रथम हे पाहू की द्यूतातील दोष राहतो कोठे. फाशात राहतो काय? तसे असते तर वेरूळच्या २१ व्या आणि २९ व्या लेण्यांत शिवपार्वती फासे खेळत बसलेली कोरली गेली नसती, आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा हे नाव पडले नसते. फासा म्हणजे हाडाचा नाही तर लाकडाचा तुकडा. तो बिचारा पडतो तसा पडतो.

महाभारतातील सभापर्व नीट वाचणाराला दोषाचे ठिकाण सापडते. तेथे एक गोष्ट आहे, ती पुष्कळदा कीर्तनातून सुटून जाते. पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, अशी ती बैठक होती. एकाने खेळावे नि धन दुसऱ्याचे असावे, हे विषम आहे असे धर्मराजाने तेथल्या तेथे बोलूनही दाखविले. आणि तरीही तो बसला! पुढे राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला, आणि मग द्रौपदी. द्रौपदीने सभेला जो प्रश्न टाकला त्यात फाशांचा उल्लेखही नाही. आधी स्वतःला हरलेल्याची माझ्यावर सत्ता कशी, एवढेच तिने विचारले, आणि भीष्मासारख्यालाही उत्तर देता आले नाही. म्हणजे दोष आहे तो पणात. आपले नव्हे ते आपले समजून पटावर ठेवणे, आणि समोरच्या माणसाकडे न पाहता त्याच्या कमरेच्या कशाकडे पाहणे, हे द्यूत.

आता त्या बाबांच्या धाकट्याचे पाहा. त्याच्यासमोर कोण बसले होते? कोणीच नाही. पलीकडे माणूस होता की यंत्र, हेही त्याला ठाऊक नव्हते. खेळणारा कोण आणि पैसा ओढणारा कोण, यांचा मेळ नाही. शकुनीच्या बैठकीत निदान तोंडे तरी दिसत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूतासाठी अध्यक्ष नेमावा, खेळ एकाच ठिकाणी चालू द्यावा आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत असे सांगितले आहे. राजनीतीचे डोके ते. त्याने ओळखले की हरणारे जिंकणारे बदलत राहतात, पण बैठक भरविणाऱ्याचा वाटा चुकत नाही. आजच्या मोबाइलवरील बैठका भरविणाऱ्यांनाही हे पक्के ठाऊक होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तो योग्यच झाला असे आमचे मत आहे. त्या बाबांची बैलजोडी मात्र त्याने परत येत नाही.

मग मनूच्या त्या 'करमणुकीखातरसुद्धा नको' या वचनाचे काय करावयाचे? आम्ही ते टाकीत नाही. त्याचा अर्थ आम्ही असा लावतो की, पण लहान आहे, थट्टेचा आहे, म्हणून तो पण नव्हे असे समजू नये. चहाची पैज, पाच रुपयांची पैज, हरेल त्याने वडे आणावेत ही पैज. व्यसन येते ते याच पायऱ्यांनी. वचन कडक आहे, कारण पायरी गुळगुळीत आहे. परंतु जेथे पण मुळी नाहीच तेथे शास्त्राचा द्यूत शब्द लागू पडत नाही. ती क्रीडा. आणि क्रीडेला आपल्या शास्त्रात केवढे मोठे स्थान आहे! ब्रह्मसूत्रांत जगाच्या उत्पत्तीला लीलेची उपमा दिली आहे. ईश्वर पूर्णकाम, त्याला काही मिळवावयाचे उरलेले नाही. मग त्याने हे सगळे मांडले कशाला, असा आक्षेप घेऊन उत्तर दिले आहे की लोकांत दिसते तशी ही केवळ लीला. तेथे भाष्यकार आचार्य दृष्टांत देतात तो राजाचा. ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत असा राजा काही मिळवावे म्हणून नव्हे, तर नुसता खेळतो. पाहा, खेळाचे लक्षणच हे की त्यातून घरी काही न्यावयाचे नसते. ज्याला काहीतरी न्यावयाचे आहे तो खेळतच नाही, तो धंदा करतो.

आमच्या वारकऱ्यांस हे पटवून द्यावे लागत नाही. पालखी विसाव्याला टेकली की साठ-साठ वर्षांच्या बायाबापड्या फुगडी घालतात, टाळकरी हुतुतू घालतात. फुगडीत जिंकले कोण, असे कधी कोणी विचारले आहे काय? तुकोबारायांच्या गाथ्यात विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, हुतुतू यांवर अभंग आहेत. खेळ वाईट म्हणून त्यांनी बाजूला सारला नाही. परमार्थ सांगावयास तो हाताशी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाबांना बरोबर घेऊन आम्ही शाळेत गेलो. ओसरीच्या फरशीवर रंगाने पाच-सहा पट आखलेले होते. एका बाजूस नवकंकरी, ही तर आपलीच. निदान आमची अशी समजूत, पण गुरुजी सांगू लागले की इंग्लंडातील कँटरबरीच्या ख्रिस्ती मंदिराच्या ओवरीत दगडी बाकांवर हाच पट कोरलेला आहे. दगडावर बसून कंटाळलेला मनुष्य येथला काय नि तेथला काय, सारखाच. नेपाळचा 'बाघचाल' होता. आपल्या वाघबकरीचा तो भाऊबंद. पंचवीस ठिकाणांचा पट, चार वाघ नि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरीला कोणालाच खाता येत नाही. तरी तिला जिंकता येते. बकऱ्या एकीला एक लागून उभ्या राहिल्या की वाघांना हलावयास जागा उरत नाही, आणि डाव बकऱ्यांचा होतो. एकटी पुढे धावलेली बकरी मात्र हमखास जाते. दिंडीतून सुटून एकट्याने पुढे पळणाऱ्यांस आम्ही हे मुद्दाम ऐकवीत आहोत!

पलीकडे दोन मुली फरशीवर खडूने काढलेल्या खळग्यांपुढे बसल्या होत्या. सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी, प्रत्येकात चार चिंचोके, एकूण अठ्ठेचाळीस. पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे, तेथला हा खेळ. त्याला ओवारे म्हणतात. दक्षिणेत तमिळ लोक चौदा खळग्यांचा पल्लांकुळी खेळतात तो याच जातीचा, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतही खडकावर अशा खळग्यांच्या ओळी कोरलेल्या आहेत. आपल्या ओळीतील एका खळग्यातले सगळे चिंचोके उचलायचे आणि पुढच्या प्रत्येक खळग्यात एक एक टाकीत जायचे. पेरणीच ती. पेरता पेरता समोरच्याच्याही शेतात पेरावे लागते. शेवटचा दाणा त्याच्या खळग्यात पडून तेथे दोन किंवा तीन झाले तर ते आपण उचलावयाचे. पंचवीस ज्याचे झाले तो जिंकला. येथवर हा खेळ इतरांसारखाच. पण याचा एक नियम आम्ही ऐकला आणि आम्हांस दोनदा विचारून घ्यावासा वाटला. समोरच्याची ओळ अगदी रिकामी झाली, त्याच्याकडे खेळावयास दाणाच उरला नाही, तर आपण अशीच चाल केली पाहिजे की ज्याने त्याच्या शेतात दाणे पडतील. तशी चाल शक्य असता दुसरी करता येत नाही. प्रतिपक्ष्याला उपाशी ठेवावयाचे नाही.

आम्ही पाहत असतानाच ती वेळ आली. एकीची ओळ कोरडी पडली. दुसरीच्या हाताशी चांगली दुसरी चाल होती, ती करू गेली, गुरुजींनी अडविले. "सर, मी कशाला देऊ तिला?" "नियम आहे." पोरीने नाक मुरडले आणि दाणे पेरले. आणि गंमत अशी की, त्या दाण्यांवरच पहिलीने डाव सावरून चारेक चालींत तिचेच पाच चिंचोके उचलले.

आम्ही बाबांकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले. ते म्हणाले, "नियम हाय म्हणून दिलं. मनातनं कुठं दिलं?"

वाचकहो, आम्ही चाळीस वर्षे कीर्तन करतो. असा आक्षेप पंडितांच्या सभेतही क्वचित ऐकावयास मिळतो. कारण हा आपल्या संप्रदायाच्या वर्मावरचा आक्षेप आहे. भावावाचून केलेले कर्म व्यर्थ, हे आम्हीच तर दारोदार सांगत फिरतो. मग शाळेत नियमाच्या धाकाने दाणे देऊन त्या पोरीच्या अंतःकरणात काय उगवले?

यावर एक उत्तर असे आहे की मुलाला प्रथम हात जोडावयास शिकवावे लागते, भाव मागाहून येतो. आपण सगळे असेच विठोबापुढे उभे राहिलो. आईने मान धरून वाकविली, तेव्हा आपल्याला भाव कसला ठाऊक! नजर कळसावर नव्हती, लाह्या-बत्ताशांवर होती. हे उत्तर खरे आहे, पण पुरते नाही. कारण मान वाकविण्याची सवय जन्मभर टिकून भाव कधीच न आलेली माणसेही आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतील काही आमच्या व्यवसायातही आहेत.

दुसरे उत्तर आम्हांस अधिक खरे वाटते. त्या पोरीने दिले ते दान नव्हेच. तिला दया आली नाही, येण्याचे कारणही नव्हते. तिला कळले, किंवा दहा डाव खेळून कळेल, ते वेगळेच आहे. समोरचीजवळ दाणा नसेल तर माझाही खेळ संपला. माझी चाल ही चाल ठरते ती तिच्या चालीमुळे. एकटीने बेचाळीस चिंचोके कवटाळून बसले तर ते नुसते चिंचोके, आमटीत घालावयाच्याही कामाचे नाहीत. प्रतिपक्षी हा शत्रू नव्हे, तो खेळाचा अर्धा देह आहे. माउलींनी अमृतानुभवाच्या आरंभी शिवशक्तीचे जे वर्णन केले आहे ते ज्यांनी गुरुमुखातून ऐकले आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच उमजेल. एकच तत्त्व, पण सुखासाठी दोन झाले. आणि दोन झाले तरी एकावाचून दुसऱ्याला अस्तित्व नाही. ज्ञानी झाल्यावरही भक्त द्वैत राखतो ते याचसाठी. देवच उरला नाही तर नमस्कार कोणाला करावा?

हे त्या पोरीला शब्दांत सांगू गेलो तर ती पळून जाईल. पण तिच्या बोटांना ते कळू लागले आहे. बोटांचे कळणे ते काही भावाचे कळणे नव्हे, एवढे बाबांचे आम्ही मान्य करतो. मात्र ज्याच्या बोटांनाही ते कधी कळले नाही त्याला मोठेपणी शब्दांनी कळवावयास गेले की काय होते, ते आपण भाऊबंदकीच्या खटल्यांत रोज पाहतोच. बांधावरच्या एका हाताच्या जमिनीसाठी भाऊ भावाला कोरडा पाडतो, आणि मग जिंकलेल्या शेतात एकटा उभा राहतो.

याच कारणास्तव परदेशांचे खेळ शिकविण्यास आमची हरकत नाही, उलट संमती आहे. आपल्या घरचा खेळ खेळताना मुलाला नियम दिसतच नाही. तो त्याला भिंतीसारखा वाटतो, असतोच. परक्याचा खेळ शिकू गेले की पहिल्या दिवशी आपण अडाणी. लहान मुलासारखे विचारावे लागते, हे असे का, ते तसे का. आणि कारण न कळताही पाळावे लागते. ज्या माणसाला आपण कधी पाहणार नाही त्याच्या शब्दाला आपण आपल्या ओसरीवर बसून मान दिला, ही साधी गोष्ट नव्हे. जपानात 'गो' नावाचा खेळ आहे. मूळ चीनचा, उभ्या-आडव्या एकोणीस रेघा, काळे-पांढरे खडे. राजा नाही, वजीर नाही, सगळे खडे सारखे. त्यात बलवान खेळाडू दुबळ्याला आरंभीच काही खडे पटावर मांडू देतो, नऊपर्यंतसुद्धा, म्हणजे दोघांचा डाव बरोबरीचा व्हावा. बसताना दोघे एकमेकांस वाकून, आपली कृपा असावी अशा अर्थाचे शब्द बोलतात. आणि शोगी म्हणून त्यांचे बुद्धिबळ आहे, त्यात हरणारा स्वतःच मान लववून 'मी हरलो' असे म्हणतो. दुसऱ्याने सांगावयाचे नाही, पंचाने जाहीर करावयाचे नाही. आम्ही वारकरी भेटलो की एकमेकांच्या पाया पडतो, त्यात लहान-थोर पाहत नाही; पण पटावर बसलेल्या आमच्या मुलांना ते कोणी शिकविले? शेजारच्या आळीतली मुले हरली की पट उधळून देतात. आणि पुढे तीच मुले दहावी-बारावीच्या निकालाला अशी काही सामोरी जातात की आईबाप रात्र रात्र दाराशी बसून राहतात. 'मी हरलो' हे दोन शब्द उच्चारून मनुष्य मरत नाही, पुढचा डाव मांडतो, हे बारा वर्षांच्या मुलाला पन्नास वेळा अनुभवास आले पाहिजे. ते व्याख्यानाने येत नाही.

आपल्या घरूनही पुष्कळ बाहेर गेले आहे. चतुरंग इराणात गेला, तेथून अरबांकडे शतरंज होऊन पुढे युरोपात पोहोचला. तिकडे आपल्या वजिराची राणी झाली, आणि आर्मेनियासारख्या लहानशा देशाने २०११ पासून तो शाळेत सक्तीचा केला. पचिशीवरून इंग्लंडात १८९६ साली लुडो निघाला, आणि आज आपलीच मुले तो विलायती म्हणून खेळतात. मोक्षपटाचे असेच झाले. त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण परंपरेने त्याचा संबंध माउलींच्या नावाशी जोडला जातो आणि आपल्या लोकांत त्याविषयी आस्था आहे. जैनांचे पट चौऱ्यांशी घरांचे, वैष्णवांचे बहात्तर घरांचे. घराघरांवर गुणदोषांची नावे, दोषांच्या तोंडी साप, गुणांच्या पायी शिडी. बहात्तर घरांच्या पटावर वैकुंठ हे शेवटचे घर नसून अडुसष्टावे आहे. म्हणजे दान मोठे पडले तर वैकुंठ ओलांडून मनुष्य पुढे जातो! विलायतेत १८९० नंतर हा पट छापून निघाला, आणि पुढे नावे गळाली, साप आणि शिड्या तेवढ्या राहिल्या.

शाळांनी तो जुन्या नावांसह पुन्हा आणावा, असे आता पुष्कळ जण म्हणतात. आणावा. परंतु एक गोष्ट बोलतो, कोणी राग मानू नये. मोक्षपटावर मुलगा स्वतः काहीच करीत नाही. कवड्या पडतील तसा तो सरकतो; दयेच्या घरात गेला तो दया करून नव्हे, क्रोधाच्या तोंडी गेला तो रागावून नव्हे. प्रारब्ध म्हणजे काय हे त्यावरून उत्तम समजते. पुरुषार्थ समजत नाही. इजिप्तच्या राजांच्या थडग्यांत सेनेत नावाचा तीस घरांचा पट सापडतो. १९२२ साली उघडलेल्या तूतनखामेनच्या थडग्यातही होता. मेल्यावर जीवाचा प्रवास कसा होतो हे त्यावर दाखवीत. तेही दानावर चालणारेच. मरणापुढचे आपल्या हाती नाही हे सगळ्यांनाच उमगले होते. पण घानाच्या त्या पटावर दाणे कोणत्या खळग्यातले उचलावयाचे हे मुलीने स्वतः ठरविले, आणि ठरविण्याचे परिणाम भोगले. नुसता मोक्षपट मुलांपुढे ठेवून धर्मशिक्षण झाले असे मानणाऱ्यांपेक्षा, मोक्षपट नि ओवारे दोन्ही शेजारी शेजारी मांडणारे ते गुरुजी आम्हांस अधिक जाणते वाटले.

एका गोष्टीत आम्ही गुरुजींशी भांडलो, हेही सांगतो. भिंतीवर सूचना होती: तालुका स्पर्धा, पहिले बक्षीस रोख रुपये अमुक. आम्ही म्हणालो, गुरुजी, पुढच्या दाराने घालविलेला पण तुम्ही मागल्या दाराने आत घेतलात. ते म्हणाले, बक्षिसावाचून पालक मुलांना पाठवीत नाहीत. असेल. पण मुलांनी एकमेकांच्या खिशातून घेतलेले नसले तरी डोळे पटावरून उठून रकमेकडे गेले, ते गेलेच. शकुनीसारखा निष्णात खेळाडू दुसरा नव्हता. निष्णात असणे हा सद्गुण असता तर त्याची आज आपण पूजा केली असती. बक्षीस द्यावयाचेच तर सगळ्या पोरांना गूळ-खोबरे द्यावे.

आणि बंदीविषयी. त्या बाबांचे म्हणणे शेवटपर्यंत हेच होते की फासा घरात येऊच देऊ नये. आम्ही त्यांना वनपर्वातील नलाची कथा सांगितली. राज्य हरलेल्या धर्मराजाला बृहदश्व मुनींनी ती ऐकविली. नलाच्या देहात कली शिरला आणि त्याने द्यूतात सर्वस्व घालविले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कली निघाला केव्हा? ऋतुपर्ण राजाने रथ थांबवून बेहड्याच्या झाडाची पाने-फळे मोजून दाखविली आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकविले, तेव्हा. मर्म कळताच कली बाहेर पडला. पुढे नलाने पुष्कराकडून राज्य परत जिंकले आणि, हे फार महत्त्वाचे, हरलेल्या भावाला त्याचा वाटा परत देऊन मानाने घरी पाठविले. कथा संपल्यावर मुनींनी धर्मराजाला काय दिले? पुन्हा फाशाला शिवू नकोस अशी शपथ घातली नाही. अक्षहृदयच दिले. फाशाला जो भितो तोच शकुनीच्या हाती सापडतो, हे ऋषींना कळले होते.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या पोराला कुणी शिकवलं न्हाई ते." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

निघताना गुरुजींनी एक बारीकसा प्रश्न विचारला, तो वाचकांपैकीही कोणाच्या मनात येईल. एकादशीस जागरणासाठी मुलांना पट मांडू द्यावा काय? नको. त्या रात्री जागावयाचे ते नामाने. पोरांना झोप आली तर झोपू द्यावे, देव रागावत नाही. द्वादशीस पारणे फिटले, की चिंचोके काढावेत.